बोंबलाच्या डब्यातलं विमान

सूर्यकांत चुरीला विमान उडवता येत होतं. बोलता येत नव्हतं, एवढीच काय ती अडचण.

सरकारी शिष्यवृत्ती मिळवून तो जुहूला उडायला शिकला. आकाशात गप्पा मारायला कुणी भेटत नसल्यामुळे तिथवर सगळं सुखरूप पार पडलं. पण विमान कंपनीत नोकरी हवी तर रेडिओवर बोलून दाखवावं लागतं. आपण कोण, कुठे आहोत, काय करणार आहोत हे खाली टॉवरमध्ये बसलेल्या माणसाला सांगायचं, तो जे म्हणेल ते त्याला परत म्हणून दाखवायचं आणि मग उतरायचं. गेल्या वर्षी सूर्यकांत त्या परीक्षेला गेला, कानाला यंत्र लावलं, बटण दाबलं आणि बसून राहिला. बऱ्याच वेळाने परीक्षकाने, "मिस्टर चुरी, तुमचं पेट्रोल संपून तुम्ही कधीच समुद्रात पडलात," असं सांगून त्याला घरी पाठवलं.

असं का झालं ते डहाणूत कुणालाच कळेना. माईंनी, म्हणजे त्याच्या आईने, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, मुलाचं इंग्रजी कच्चं ठरवून त्याला महिनाभर रेल्वेचं नियमांचं पुस्तक मोठ्याने वाचायला लावलं. खरं कारण कळलं ते वासंतीला, त्याच्या वहिनीला. ती आपल्या बाळाचा पाळणा हलवत असताना तो सहज बोलून गेला.

"वहिनी, कानात सारखी खरखर येत होती. मला वाटलं, कुणीतरी बोलतंय. म्हटलं, त्यांचं संपू दे."

वासंतीचा हात पाळण्याच्या दोरीवर तसाच राहिला. लग्न होऊन ती या घरात आली त्याला फार वर्षं झाली नव्हती, पण एवढं तिला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. चुरींच्या घरात सगळे एकाच वेळी बोलत. स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झालेले अण्णा धडधडत्या मालगाडीवरून आवाज पोचवायच्या सवयीने बोलत. माई अण्णांवरून आवाज पोचवायच्या सवयीने बोलत. वासंतीचे यजमान मधुकर तलासरीच्या कचेरीत नोकरीला होते. ते शनिवारी एसटीने घरी येत आणि आठवड्याचं बोलणं रविवारी रात्रीपर्यंत उरकून घेत. शेंडेफळ सूर्यकांत लहानपणापासून मधल्या फटीची वाट पाहत मोठा झाला. त्याचं वाक्य क्रियापदापर्यंत पोचलेलं घरात कुणी ऐकलं नव्हतं. नव्या सुनेशी मात्र पहिल्या वर्षी तो एकटाच बोलला होता, कारण दोघांचंही दुसरं कुणी ऐकत नव्हतं. विहिरीच्या कठड्यावर बसून त्याने तिला ढगांची नावं सांगितली होती. ती तिला अजून पाठ होती.

आता पुन्हा मुलाखतीचं बोलावणं आलं होतं. दिवाळीच्या आधी, मुंबईला. सोबत रेडिओची परीक्षा.

अण्णांनी निकाल आधीच लावून ठेवला. "हा शेवटचा प्रयत्न. नाही जमलं तर दिवाळीनंतर उधव्याच्या शाळेत गणित शिकवायला रुजू व्हायचं. व्याह्यांशी माझं बोलणं झालंय."

व्याही म्हणजे वासंतीचेच वडील. ते उधव्याला हेडमास्तर होते आणि त्यांनी मोठ्या मायेने जागा राखून ठेवली होती. त्यामुळे वासंतीला तोंड उघडायची सोय राहिली नाही. दीर पास झाला तर वडिलांचा उपकार नाकारल्यासारखं, नापास झाला तर उधव्याची पोरं त्याचं काय करतील ते तिला माहीत होतं. त्या पोरांनी चांगल्या बोलक्या मास्तरांना बदली मागायला लावली होती. शाळेच्या खिडकीत खडू घेऊन उभा असलेला आणि वरून जाणाऱ्या विमानाकडे बघणारा सूर्यकांत तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

म्हणून तिने ओव्हर काढलं.

सूर्यकांतनेच तिला तो नियम सांगितला होता. रेडिओवर एका वेळी एकानेच बोलायचं. बोलून झालं की "ओव्हर" म्हणायचं. त्याचा अर्थ, माझं संपलं, आता तुम्ही बोला, मी ऐकतोय. सगळं बोलणंच मिटलं की "आउट". वासंतीने जेवायच्या वेळी हळूच सुचवलं की भावजींच्या तयारीसाठी घरात थोडे दिवस सगळ्यांनी असंच बोलावं. अण्णांना नियम आवडत. नियम कुणी केला याची ते चौकशी करत नसत. त्यांनी तिथल्या तिथे हुकूम काढला.

पहिले दोन दिवस घरात इतकी शांतता होती की शेजारी तब्येतीची विचारपूस करायला आले. सूर्यकांत "मला ताक हवंय, ओव्हर" असं पूर्ण वाक्य बोलला आणि वासंतीच्या डोळ्यांत पाणी आलं. बाळालाही ते मानवलं. सूर्यकांत पाळण्याशी बसून "व्हिक्टर टँगो चार्ली, उंची दोन हजार फूट" असं घोळवायला लागला की ते मुकाट्याने अंगठा तोंडात घालून झोपी जाई.

घोडं अडलं ते माईंपाशी. माई बोलत, पण ओव्हर म्हणत नसत.

"का हो माई? ओव्हर." वासंतीने विचारलं.

"माझं कधी संपलं ते मी ठरवीन," माई म्हणाल्या. "मध्येच काही आठवलं तर कुणाच्या तोंडाकडे बघू? संपलं की सांगेन."

आणि नियम असा होता की समोरच्याने ओव्हर म्हटल्याशिवाय दुसऱ्याने बोलायचं नाही. त्यामुळे सकाळी माईंनी "आज भेंडी करू या का" असं म्हटलं की पुढे दुपारपर्यंत घरात कायद्याने फक्त माईच बोलू शकत. अण्णा बोटाने खुणा करू लागले. एवढी वर्षं जे माईंना आवाजाने साधलं नव्हतं ते त्यांनी एक शब्द न बोलून साधलं.

बाहेरच्या जगातही काही फार बरं चालू नव्हतं. मासळीवाली देवकी पाटी घेऊन आली, तिला वासंतीने नियम समजावला. समोरच्याने सांगितलेलं आधी जसंच्या तसं परत म्हणून दाखवायचं, आणि मग आपलं बोलायचं. देवकीने ऐकून घेतलं, कंबरेवर हात ठेवला आणि पापलेटाचा असा काही भाव सांगितला की ओट्यावरचं मांजरसुद्धा उठून उभं राहिलं. "ओव्हर," ती म्हणाली.

वासंतीने नियमाप्रमाणे तो भाव जसाच्या तसा म्हणून दाखवला.

"मंग झालं तर वयनी," देवकी पापलेट ताटात टाकत म्हणाली. "तुज्याच तोंडातून आला भाव. आता घासाघीस कसली करतेस?"

त्या आठवड्यात देवकीच्या सगळ्या जावा पाट्या घेऊन चुरींच्याच दारावरून जाऊ लागल्या.

एवढं होऊनही सूर्यकांतचं गाडं पुढे गेलं होतं, पण घरापुरतंच. रेडिओसारखा खरखरीत, पोकळ आवाज कानात घुमला की तो पुन्हा गप्प होई. यावर वासंतीने उपाय शोधला तो माईंच्या सुक्या बोंबलांचा डबा. रिकामा होता, चांगला खोल होता आणि त्यात तोंड घालून बोललं की आवाज हुबेहूब परीक्षेतल्यासारखा घुमे. वास येई, पण वासाविषयी परीक्षेत काही अट नव्हती. आधी सूर्यकांत डब्यात नुसताच श्वास घेत बसे. मग चाचरत, मग सलग बोलू लागला. चौथ्या-पाचव्या दिवशी तर तो डब्यात इतका मोकळा झाला की मधुकरभाऊंनी त्याची पुस्तकं परस्पर रद्दीत घातल्याबद्दलची जुनी तक्रारही त्याने त्यातूनच केली आणि शेवटी ओव्हर म्हणून उत्तराची वाट पाहिली.

आता एवढं यश दिसल्यावर अण्णा स्वस्थ बसणं शक्य नव्हतं.

"हे सगळं ठीक आहे," ते म्हणाले, "पण प्रायव्हेट नंबर कुठाय? ओव्हर."

"अण्णा, विमानाला प्रायव्हेट नंबर नसतो. ओव्हर."

अण्णांचा चेहरा असा झाला की जणू कुणी त्यांना सांगितलं, विमानाला तळ नसतो. रेल्वेत एका स्टेशनाने पुढच्याला विचारायचं, गाडी सोडू का. पुढच्याने रूळ मोकळा आहे हे बघून परवानगी द्यायची आणि सोबत एक गुप्त आकडा सांगायचा. आकडा आला तर परवानगी खरी. नाही आला तर खुद्द जनरल मॅनेजर फोनवर "सोडा" म्हणाले तरी अण्णांनी गाडी सोडली नसती. एकदा त्यांनी खरंच सोडली नव्हती, आणि ती गोष्ट ते श्रावणात सत्यनारायणाच्या कथेनंतर सांगत.

"नुसत्या तोंडच्या बोलण्यावर माणसं जमिनीवर उतरवता?" अण्णा म्हणाले. "माझ्या मुलाला नाही उतरू देणार मी."

आशागडच्या रस्त्यावर होरमसजींची चिकूची वाडी होती. तिथल्या पाण्याच्या टाकीवर अण्णांनी टॉवर थाटला. सायकलच्या हॅंडलला डबा बांधून सूर्यकांत विमान झाला. चिकूच्या दोन रांगांमधली वाट ही धावपट्टी. आणि आकाशात एकच विमान असून चालत नाही म्हणून बाळाला कडेवर घेतलेली वासंती हे दुसरं विमान. ती पुढे उतरे, धावपट्टीवरून सावकाश चालत विहिरीकडे वळे. तोवर सूर्यकांतने टाकीला घिरट्या घालत राहायचं. वाटेत बाळाचं टोपडं पडे, चप्पल अडके, एखादा पिकला चिकू दिसे. अण्णा टाकीवरून लाल बावटा दाखवत ओरडत, "वहिनी लाइनवर आहे. वहिनी लाइनवर आहे." मग ती वळली की हिरवा बावटा, मग लाइन क्लिअर, मग प्रायव्हेट नंबर, आणि मग कुठे सूर्यकांत उतरे. कधी कधी अण्णा मुद्दाम नंबर न देताच हिरवा दाखवत. तेव्हा उतरला तर पुन्हा पहिल्यापासून.

होरमसजी खुर्ची टाकून बघत बसत. "अरे सूर्या, हे तुझा एरोप्लेन चेन पाडते," ते म्हणत. "वासंती डीकरी, तू लवकर लवकर लँड कर ने. तुझा पाठी तो बिचारा चक्कर येऊन पडशे."

एका संध्याकाळी वाडीच्या कुंपणापाशी एक हवालदार येऊन उभा राहिला.

दिवस असे होते की दमणला अजून पोर्तुगीज बसलेले. किनाऱ्यावर कोण होडीतून येतो, कोण कुणाला खूण करतो, यावर सगळ्यांची नजर. आणि इथे उंच टाकीवर एक म्हातारा लाल-हिरवे बावटे हलवतो आहे, खाली एक तरुण पत्र्याच्या यंत्रात तोंड घालून इंग्रजीत आकडे सांगत गोल फिरतो आहे, आणि एक बाई लेकरू घेऊन मुद्दाम रमतगमत त्याच्या पुढे चालते आहे. हवालदाराने आपलं कर्तव्य केलं. त्याच्या जागी कुणीही केलं असतं.

"खाली या," तो म्हणाला.

"नंबर सांगा," अण्णा वरून म्हणाले.

पंचनामा झाला. त्यात 'संशयित बिनतारी यंत्र एक, पत्र्याचं, आतून सुक्या मासळीचा वास येत असलेलं' अशी नोंद झाली आणि डबा ठाण्यावर गेला. अण्णांना घरी जाऊ दिलं, पण सबंध नोकरीत ज्या हिरव्या बावट्यावर एक डाग पडला नव्हता तो पुरावा म्हणून गेल्यामुळे ते रात्री जेवले नाहीत. माईही जेवल्या नाहीत. त्यांचा डबा गेला होता.

डबा परत हवा तर बिनतारी यंत्राचं लायसन दाखवा, किंवा हे बिनतारी यंत्र नाही असा दाखला आणा, असं उत्तर मिळालं. रेडिओची लायसनं पोस्टात मिळत. पोस्टातल्या नव्या मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं. यंत्राचं लायसन देता येईल, ते म्हणाले, पण एखादी वस्तू यंत्र नाही असं लिहून द्यायची तरतूद नाही. तसं लिहून द्यायला लागलो तर कुठे थांबायचं? तलासरीच्या कचेरीतून शनिवारी आलेल्या मधुकररावांनी यावर रात्रभर विचार केला आणि सोमवारी सकाळी सरकारी माणसाला शोभेल असा मार्ग काढला. त्यांनी डब्याचं लायसन काढलं. घरगुती रेडिओ संच, एक. डबा सन्मानाने घरी आला आणि माईंनी लायसन देवघरात ठेवलं.

मुलाखत दुसऱ्या दिवशी होती. घराबाहेर सूर्यकांतने इतके दिवस डब्याविना तोंड उघडलं नव्हतं, आणि डबा घेऊन मुलाखतीला जाऊ नये यावर घरात प्रथमच एकमत झालं.

"वहिनी, तू चल," तो म्हणाला. "नुसती बाहेर बस."

म्हणून वासंती बाळाला घेऊन निघाली, आणि रेल्वेचा पास होता म्हणून अण्णाही निघाले. निघताना वासंतीने दिराच्या कोटाची बाही नीट केली आणि कुणी बघत नाही असं पाहून आतल्या खिशात कागदात गुंडाळलेला एक सुका बोंबील ठेवून दिला.

"गप्प व्हायला लागलात की इथे वाकून वास घ्या," ती म्हणाली. "आपलंच घर आहे समजा."

मुंबईत त्या कचेरीच्या व्हरांड्यात ते बाकावर बसले. शेजारी इतर उमेदवार होते, गुळगुळीत दाढीचे, आपसात इंग्रजीत हसणारे. थोड्या वेळाने ते एकेक करून लांबच्या बाकावर गेले. बोंबील आपलं काम करत होता.

आत लाकडी पडदी होती आणि तिच्या वर हातभर जागा मोकळी. वासंतीला सगळं ऐकू येत होतं. साहेबांनी विचारलं, स्वतःविषयी सांगा. काही क्षण काहीच नाही. तिने बाळाला घट्ट धरलं. मग एक लांब श्वास ऐकू आला, नाकाने घेतलेला, आणि सूर्यकांत बोलू लागला. नाव, गाव, शिक्षण, उड्डाणं. क्रियापदांसकट. शेवटी तो म्हणाला, "ओव्हर." आत कुणीतरी खोकलं, पण मध्ये कुणी बोललं नाही.

मग रेडिओची परीक्षा. शेजारच्या खोलीतून पंजाबी परीक्षकाचा आवाज खरखरत आला. सूर्यकांतने ओळख सांगितली, उंची सांगितली, सांगितलेलं परत म्हटलं. परीक्षकाने सांगितलं, तुमच्या पुढे एक विमान धावपट्टीवर उतरतं आहे. सूर्यकांतने तेही म्हणून दाखवलं. वारा, दिशा, आणखी काही. मग परीक्षक म्हणाला, "तुम्हाला उतरायची परवानगी आहे. ओव्हर."

अण्णा बाकावर पुढे सरकले.

"कृपया प्रायव्हेट नंबर द्यावा," सूर्यकांत इंग्रजीत म्हणाला. "ओव्हर."

वासंतीने डोळे मिटले. उधव्याची शाळा, खिडकी, खडू.

"पुन्हा सांगा. ओव्हर."

"प्रायव्हेट नंबर, सर. ओव्हर."

"कसला नंबर? तुम्ही उतरत का नाही?" परीक्षकाचा आवाज चढला. तो ओव्हर म्हणायला विसरला, म्हणून सूर्यकांत गप्प राहिला. मग परीक्षकाच्या ते लक्षात आलं असावं. "ओव्हर," तो दात खाऊन म्हणाला.

पुन्हा तो लांब श्वास. आणि मग सूर्यकांतचं इंग्रजी संपलं, पण वाक्य संपलं नाही.

"उतरणार नाही, सर. वहिनी अजून लाइनवर आहे. ओव्हर."

पडदीपलीकडे खुर्ची सरकली, दार उघडलं आणि परीक्षक बाहेर आला. त्याच्या हातात कानाचं यंत्र तसंच होतं.

"ये वहिनी कौन है?"

वासंती बाळासकट उभी राहिली. तिला दुसरं काही सुचलं नाही.

अण्णाही उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि स्टेशनात मोठे साहेब आल्यावर द्यावी तशी हकीकत दिली. लाइन क्लिअर, आकडा, टाकी, चिकू. "साहेब, पुढची गाडी लाइनीतून बाहेर पडल्याचं तुम्ही त्याला सांगितलंच नाही. तो उतरणार कसा?"

परीक्षकाने यंत्राकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि बाकावर लांब बसलेल्या गुळगुळीत उमेदवारांकडे बघितलं.

"मी मुद्दाम नाही सांगितलं," तो म्हणाला. "सकाळपासून हे सगळे मला थँक यू म्हणून त्या विमानावर उतरले." मग म्हणाला, "बोलण्यात चुका आहेत, त्या आम्ही काढू. नंबर विसरायला लावा त्याला. बाकी काही विसरायला लावू नका." आणि आत जाता जाता नाक वर करून त्याने हवा हुंगली. "इथे मासळी कोण आणतं?"

दिवाळीनंतर सूर्यकांत नोकरीवर रुजू व्हायला निघाला. उधव्याच्या मास्तरांनी स्टेशनवर येऊन जावयाच्या भावाला हार घातला आणि मुलीच्या कानात म्हणाले, "बरं झालं गं. आमच्या पोरांनी खाल्लं असतं त्याला." वासंतीच्या मनावरचं ओझं तिथेच उतरलं.

गाडी उभी होती तोवर माई बोलत होत्या. पोटाला वेळेवर खा, ढगात शिरू नकोस, लोकरीचा बनियन वरच ठेवलाय, डहाणूवरून गेलास तर थोडा खालून जा म्हणजे दिसशील. सूर्यकांत खिडकीत मान खाली घालून ऐकत होता. शिट्टी झाली. अण्णांनी सवयीने सिग्नलकडे बघितलं. गाडी हलली तशा माई खिडकीबरोबर चार पावलं चालल्या, पदराने तोंड पुसलं आणि थांबल्या.

"ओव्हर," त्या म्हणाल्या.

घरात इतके दिवस जो शब्द कुणी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता तो असा फलाटावर पडला, आणि चुरींपैकी एकही जण त्यावर बोलला नाही. गाडी फलाट सोडून गेली. खूप वेळाने अण्णा हलक्या आवाजात म्हणाले, "अगं, तो गेला आता. आउट म्हणायचं असतं."

"आउट कशाला?" माई म्हणाल्या. रूळ रिकामे होते, त्या अजून तिकडेच बघत होत्या. "त्याचं बोलायचं राहिलंय अजून."